बाईंना विचारा : बॅचमध्ये कोण, बॅचबाहेर कोण?

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं गेट-टुगेदरची आहेत. कुणाला शाळा सोडून तीस वर्षं झाली, कुणाला चाळीस. मे जवळ आला की हे असं होतंच. मी हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवला, आधी खानापूर तालुक्यात आणि मग बेळगावात. त्यामुळे असे मेळावे मी बहुतेक वेळा स्टेजवरच्या खुर्चीतून पाहिलेत, मांडीवर शाल आणि नारळ घेऊन. तिथून बरंच दिसतं. मागच्या रांगेत कोण तोंड लपवून बसलंय ते तर हमखास दिसतं. ती सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. पत्रं थोडी कापून छापली आहेत.

प्रश्न : आमची १९८८ची एस.एस.एल.सी.ची, म्हणजे दहावीची बॅच. व्हॉट्सॲप ग्रुपवर ४६ जण आहेत. पुण्यातले आणि दुबईतले दोघे-तिघे म्हणतात, आंबोलीला रिसॉर्ट घेऊ, एक रात्र राहू, माणशी अडीच हजार. ग्रुपवर सगळे ‘मस्त, मस्त’ म्हणाले, पण पैसे जेमतेम पंधरा जणांचे आले. बाकीच्यांना फोन करून मागावेत तर बरं दिसत नाही, न मागावेत तर मी तोंडघशी पडतो. काय करू?
— एक संयोजक, निपाणी

उत्तर : फोन करू नका. पैसे आले नाहीत हेच त्यांचं उत्तर आहे, फक्त ते ग्रुपवर लिहिण्याची कुणाची छाती नाही.

तुम्ही निपाणीचे. तुमच्या वर्गातल्या किती पोरी घरी आईबरोबर विड्या वळून मग शाळेला यायच्या, ते आठवा. त्यांतल्या दोघी-चौघी तरी ग्रुपवर असतील आणि गप्प असतील. त्यांनी अडीच हजार कुठून काढायचे? आणि पैशाचं सोडा. पन्नाशीच्या बाईने घरी सांगायचं काय, तर ‘शाळेतल्या मुलांबरोबर आंबोलीला एक रात्र राहून येते’! नवरा समजूतदार असला तरी सासूबाई असतात, मुलाची सासुरवाडी असते, गल्ली असते. मुक्काम ठेवलात की निम्मा वर्ग तिथेच गळाला.

रिसॉर्ट रद्द करा, शाळाच घ्या. रविवारचा दिवस बघून मुख्याध्यापकांना महिनाभर आधी लेखी अर्ज द्या. शिपायाला त्या दिवसाचे पैसे वेगळे द्या, तो रविवारी येतोय. पटांगणात मांडव, एक आचारी, दुपारचं जेवण, चारला चहा. ज्यांना आंबोली गाठायचीच आहे त्यांनी दुसऱ्या दिवशी आपल्या गाडीने जावं, धुकं कुठे पळून जात नाही.

वर्गणी जेवणापुरती ठेवा, तीनशे-चारशे. वरचा खर्च ज्यांना झेपतो त्यांच्याकडून तुम्ही एकेकट्याला भेटून घ्या. पावती प्रत्येकाला द्या, शेवटी एकूण जमा आणि एकूण खर्च ग्रुपवर टाका. पण कुणी किती दिले ते टाकू नका. मी असे ग्रुप पाहिलेत जिथे रोज सकाळी नावासमोर रकमेची यादी यायची, खाली पुन्हा ‘उर्वरित सदस्य’. एकेक ‘उर्वरित सदस्य’ मग ग्रुप सोडून जायचा.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. ते ४६ जण म्हणजे तुमचा वर्ग का? शाळेत जा आणि १९८५ साली आठवीत दाखल झालेल्या मुलांची नावं मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या. नावंच फक्त, जनरल रजिस्टरच्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर फिरवू नका, त्यात जन्मतारीख, जात, सगळं असतं. यादी वाचायला लागलात की तुमच्या लक्षात येईल, आठवीत नापास होऊन मागे राहिलेले, नववीत शाळा सोडलेले, मार्चला गटांगळी खाऊन पुन्हा तोंड न दाखवलेले, यांतलं कुणीच तुमच्या ग्रुपवर नाही. काही वारले असतील. त्यांच्या घरी आधी जाऊन या, फोटो लावला तर चालेल का विचारा. परवानगी न घेता बॅनरवर फोटो छापला आणि बायकोला तो फेसबुकवर दिसला, असं झालेलं मला माहीत आहे.

प्रश्न : माझं शिक्षण नववीपर्यंत. आई आजारी पडली, शाळा सुटली, पुढच्या वर्षी लग्न झालं. आता काजू फॅक्टरीत जाते. गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने बाजारात गाठून नंबर घेतला आणि ग्रुपमध्ये घातलं. ग्रुपचं नाव ‘एस.एस.एल.सी. ९१’. मी तर परीक्षेलाच बसले नाही. बाकीच्या शिक्षिका, नर्स, एक वकील. मैत्रीण म्हणते, ‘काय करूलायस घरात बसून, ये की!’ पण प्रत्येकाने माईकवर आपली ओळख करून द्यायची आहे म्हणे. त्या विचारानेच पोटात गोळा येतो. जाऊ का?
— खानापूर तालुक्यातील एक बहीण

उत्तर : जा. तुला ‘तू’च म्हणते, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस.

एका मेळाव्यातली गोष्ट सांगते. शाळेच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ, आचाऱ्याने चुली मांडल्या होत्या. मी हात धुवायला गेले. कमरेला टॉवेल गुंडाळून एक माणूस भाताचं पातेलं झाकत होता. मला बघून तो सरळ उभा राहिला आणि डावा हात पाठीमागे नेला. तो हात मी ओळखला. वर्गात उभं राहिलं की असाच पाठीमागे न्यायचा, कारण शर्टाच्या त्या बाहीला बटण नसायचं. नाव आठवलं, हाक मारली. म्हटलं, अरे, हा तर तुझाच वर्ग! तर म्हणाला, ‘मी आठवीपर्यंतच होतो न्हवं बाई. बॅच त्यांची.’

आत ज्यांनी त्याला जेवणाची ऑर्डर दिली होती ते त्याच्या शेजारच्या बाकावर बसलेले. भाव ठरवताना त्यांनी त्याला ओळखलं होतं, त्यानेही त्यांना ओळखलं होतं. पण त्याला बोलवायचं असतं हे दोन्हीकडून कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी संयोजकाला बाजूला घेऊन सांगितलं. तो चपापला, बाहेर आला, हाताला धरून आत घेऊन गेला, खुर्चीत बसवलं. दोन भाषणं झाली आणि हा उठला. भात लागेल म्हणाला आणि गेला. अर्थात भात चांगला झाला होता.

ग्रुपला नाव देताना परीक्षेचं साल देतात ना, तिथेच हे होतं. पास झालेल्यांचं ते साल. तुझ्याबरोबर खो-खो खेळलेल्या, पावसात एका इरल्याखाली आलेल्या मुलींना तुझा निकाल काय करायचा आहे? तुम्ही एकाच गावच्या असाल तर पहिलीपासून नववीपर्यंत नऊ वर्षं एकत्र होतात. त्यांच्या तुझ्याशिवाय झालेल्या शाळेचं एकच वर्ष, दहावीचं.

माईकचं. तुझ्या मैत्रिणीला हे पान दाखव, तिने संयोजकांना दाखवावं. साठ जण तीन-तीन मिनिटं बोलले तरी तीन तास जातात, आणि बोलतात काय, तर हुद्दा, फ्लॅट, मुलगा कॅनडाला. त्यापेक्षा सगळ्यांना जुन्या वर्गात बाकांवर बसवा. एखाद्या शिक्षकाला हजेरी घ्यायला सांगा. नाव पुकारलं की उभं राहून आपण कुणाशेजारी बसायचो तेवढं सांगायचं आणि खाली बसायचं. मुलींनी माहेरचं नाव सांगायचं, नाहीतर अर्ध्या वर्गाला कोण कोण आहे ते कळतच नाही. काय करतोस हे ज्याला विचारायचं आहे तो जेवताना विचारेल.

आणि कुणी विचारलंच तर काजू फॅक्टरीत जाते म्हणून सांग. सोलताना एक दाणा फुटला तर भावात किती फरक पडतो ते त्या वकीलबाईला ठाऊक नसेल. नवी साडी घेऊ नकोस. खानापूरहून यायला आधार कार्डावर बस फुकट आहेच, कर्नाटकची बायकांसाठीची ‘शक्ती’ योजना जून २०२३पासून सुरू आहे. तुमच्या वर्गातल्या ज्या हद्दीपलीकडे, महाराष्ट्रातल्या चंदगडकडे दिल्या त्यांना मात्र एसटीत अर्धं तिकीट, तेही हद्दीपर्यंतच. पुढे कर्नाटकच्या बसमध्ये पूर्ण. तेवढं त्यांच्याकडून ऐकून घे.

प्रश्न : आमचा वर्ग पुणे, गोवा, कोल्हापूर, बेळगाव असा पांगला आहे. दिवाळीच्या मागेपुढे सगळे येतात म्हणून १ नोव्हेंबर धरली, तर ग्रुपवर युद्धच पेटलं. सीमाप्रश्नावरून दोघांचं इतकं वाजलं की एकाने ग्रुप सोडला. कर्नाटक सरकारी नोकरीतले तिघे म्हणतात, बॅनर असेल तर आम्ही येत नाही. तारीख कुठली ठेवू?
— पुण्यात स्थायिक एक बेळगावकर

उत्तर : पुण्याला जाऊन विसरलात होय! १ नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी भाषिकांच्या काळ्या दिनाची फेरी, मध्ये पोलीस. रस्ते बंद, आणि तुम्ही त्या दिवशी गोव्याच्या मुलीला चोर्ला घाटातून बोलावणार? १९५६ साली सुरू झालेला आणि २००४पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला प्रश्न तुमच्या जेवणाच्या सुट्टीत सुटायचा नाही. ज्याने ग्रुप सोडला त्याला तुम्ही स्वतः फोन करा, मेसेज नको. तो बहुधा वाटच बघतोय.

डिसेंबरही टाळा. अलीकडे बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरातच भरतं. त्या दिवसांत बेळगावात लॉजची खोली मिळत नाही आणि आंदोलनं सगळी तेव्हाच. शिवाय सीमेवर कुठे काही खुट्ट झालं की दोन्हीकडच्या बसेस थांबतात, मग कोगनोळीच्या नाक्यावर उतरून पुढे काय करायचं? डिसेंबर २०२२मध्ये लोकांनी ते भोगलंय. त्यात खानापूर-बेळगाव तालुक्यातल्या तुमच्या शेतकरी मित्रांची भाताची सुगी साधारण तेव्हाच असते. मळणी टाकून कोण येणार?

राहिला मे. कर्नाटकातल्या शाळा मेअखेरीला उघडतात, महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्याला; म्हणजे वर्गातले मास्तर-मास्तरणी दोन्हीकडून मोकळे फक्त मे महिन्यात सापडतात. महिना संपत आला की इकडे पावसाआधीच्या धूळवाफ पेरणीची गडबड लागते. तेव्हा पहिला किंवा दुसरा रविवार धरा. शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक कधी आहे तेवढं आधी बघा. आपल्याकडे ती वैशाखात असते आणि त्या रात्री शहरात गाडी घालणं म्हणजे सकाळपर्यंत अडकणं. कुणाच्या गावची लक्ष्मीयात्रा असेल तर तो वर्गमित्र येणार नाही हे धरून चाला. बारा-पंधरा वर्षांनी येणारी यात्रा सोडून तुमचं तोंड बघायला कोण येईल?

बॅनरचं म्हणाल तर नोकरीतल्यांचं खरं आहे. ते घाबरट नाहीत, त्यांना रोज त्याच ऑफिसात बसायचं आहे. रस्त्यावर फ्लेक्स नको. हॉलच्या आत शाळेचं नाव आणि साल, बस. फोटो काढताना ज्याला फेसबुकवर यायचं नाही त्याने बाजूला व्हावं, त्यावर कुणी शेरा मारू नये.

प्रश्न : आमच्या मेळाव्यात एका सरांचा सत्कार ठरला आहे. या सरांनी मला फी भरली नाही म्हणून नववीत आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं होतं, आणि एकदा छडीने इतकं मारलं की बोट सुजून पेन धरता येईना. बाकीचे म्हणतात, त्यांच्यामुळेच आपण घडलो. माझ्याकडे आभाराचं भाषण दिलंय. नाही म्हटलं तर कृतघ्न ठरेन.
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : भाषण करू नका. ‘माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला द्या’ एवढंच सांगा, कारण सांगायला तुम्ही बांधील नाही. ‘छडी लागे छमछम’वर टाळ्या वाजवणारे बहुतेक पुढच्या बाकावरचे असतात, त्यांना लागलेली नसते.

तेव्हा सगळेच मारायचे, हे ऐकवलं जाईल. सर्रास चालायचं हे खरं. पण फीसाठी पोराला उन्हात उभं करणं तेव्हाही सगळे शिक्षक करत नव्हते, हे मी शिक्षक म्हणून सांगते. आमच्यातले काही जण गुपचूप फी भरायचे. आता तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे.

सर ऐंशीच्या घरात असतील. त्यांना जाब विचारायचा असेल तर तो स्टेजवर नको. घरी जाऊन विचारा, विचारावंसं वाटलं तर. नाही वाटलं तर सत्काराच्या वेळी बाहेर चहा प्या. वाकून नमस्कार केलाच पाहिजे असा नियम नाही. आणि संयोजकांनो, सत्कार करायचाच तर सगळ्या शिक्षकांचा एकत्र करा, पाच मिनिटांत उरका. शाली नकोत. माझ्याकडे इतक्या झाल्यात की थंडीत शेजारीपाजारी वाटते. शिक्षकाला तुमच्याशी बोलायचं असतं, आणि त्याला तुम्ही दोन तास स्टेजवर एकटा बसवता.

प्रश्न : मेळाव्यानंतर वर्गातला एक जण मला रात्री अकरा-साडेअकराला मेसेज करतो. ‘शाळेत तू मला आवडायचीस’ असं लिहिलं. मी हसण्यावारी नेलं, पण मेसेज थांबत नाहीत. नवऱ्याला सांगू का?
— सौ. क्ष, सांगली (माहेर बेळगाव)

उत्तर : आधी त्यालाच सांगा, एकदाच, दिवसाढवळ्या, हसणारं चिन्ह न टाकता : ‘मला असे मेसेज नकोत.’ त्यावरही आला तर ब्लॉक करा आणि ग्रुपच्या ॲडमिन मैत्रिणीला कळवा. तुम्ही पहिल्या नसाल. नवऱ्याला सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, तुमचा नवरा तुम्हाला ठाऊक. मात्र तो मोबाइल कधीतरी त्यांच्या हातात पडणारच असेल तर तुमच्या तोंडून आधी कळलेलं बरं. पुढच्या मेळाव्याला जायचं सोडू नका. जायचं सोडायचंच असेल तर ते त्याने सोडावं.

प्रश्न : खर्च जाऊन आमच्याकडे चांगली रक्कम शिल्लक आहे. गावातल्या मराठी शाळेला स्मार्ट टीव्ही द्यावा असं चाललंय. बरोबर आहे का?
— माजी विद्यार्थी, बेळगाव तालुका

उत्तर : शाळेला विचारलंत का? मी एका शाळेत बंद पडलेले दोन टीव्ही पाहिलेत, दोन्हींच्या खाली देणाऱ्या बॅचचं नाव पितळेच्या पट्टीवर. मुलींच्या स्वच्छतागृहाला मात्र कडी नव्हती. गावातल्या शाळांत पोरं कमी होत चाललीत, शिक्षकाची जागा रिकामी असते, अतिथी शिक्षकावर गाडा चालतो. सरकारी शाळा असेल तर एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास-देखरेख समितीच्या, बैठकीत जाऊन बसा आणि ऐकून घ्या. अनुदानित असेल तर संस्थेकडे जा. त्यांनी लांबच्या वाडीवरून येणाऱ्या पोरांसाठी रिक्षाचं भाडं मागितलं तर ते द्या, पट टिकेल. पैसे चेकने, पावती घेऊन. पट्टीवर नाव घालायचं असेल तर कडीवर घाला.

प्रश्न : जेवणात मटण ठेवावं की शाकाहारी? यावरून बैठक मोडली.
— संयोजक समिती, हुक्केरी तालुका

उत्तर : शाळेच्या आवारात मटण नको, एवढं एका वाक्यात संपवा. वर्गात जैन, लिंगायत, माळकरी असतीलच, कुणाचा वार असेल. पुरी-भाजी, मसालेभात, भजी, आणि गोडाला कुंदा. ज्यांना मटण हवंय त्यांनी रात्री कुणाच्या तरी शेतावर बेत करावा, तो तुम्ही तसाही करणारच आहात. फक्त त्याची वर्गणी दुपारच्या जेवणाच्या हिशोबात घालू नका.